नतमस्तक, पण असहमत : १९४५ चा गांधी-टंडन पत्रव्यवहार

१.
सभ्य भाषेत केलेला विरोध बोथट असतो, असा एक समज आहे. १९४५ च्या मे ते ऑगस्ट या काळात महात्मा गांधी आणि पुरुषोत्तमदास टंडन यांच्यात हिंदीतून जो पत्रव्यवहार झाला, तो वाचल्यावर हा समज टिकत नाही. वादाचा विषय होता राष्ट्रभाषा. पत्रांमध्ये अपमानाचा एक शब्द नाही, आणि तरीही अखेरीस २७ वर्षांचा संबंध तुटला. औपचारिक हिंदीत आदर राखून 'नाही' कसे म्हटले जाते, आणि त्या 'नाही'मागे किती मोठा प्रश्न उभा होता, हे या पत्रांतून उलगडते. हा थ्रेड त्या पत्रांविषयी.

२.
प्रथम दुसऱ्या पत्रलेखकाची ओळख. पुरुषोत्तमदास टंडन (१८८२-१९६२) हे अलाहाबादचे वकील, काँग्रेसचे निष्ठावंत कार्यकर्ते आणि साधेपणाबद्दल 'राजर्षी' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ. १९३७ मध्ये ते संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. पुढे १९५० मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९६१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पण त्यांच्या आयुष्याचा खरा ध्यास हिंदी हा होता. १९१० मध्ये बनारसला मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनाचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हापासून संमेलन आणि टंडन ही दोन नावे वेगळी काढणे कठीण झाले.

३.
या संमेलनाशी गांधीजींचे नाते जवळचे होते. १९१८ च्या इंदूर अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि १९३५ मध्ये पुन्हा इंदूरलाच त्यांनी हे पद भूषवले. १९१८ मध्येच मद्रासला दक्षिणेतील हिंदी प्रचाराचे काम सुरू झाले, त्यामागची प्रेरणा गांधीजींची होती. १९३६ मध्ये वर्ध्याला संमेलनाच्या आश्रयाने राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली. म्हणजे संमेलनाला अखिल भारतीय प्रतिष्ठा मिळाली ती मोठ्या प्रमाणात गांधीजींमुळे, आणि गांधीजींना राष्ट्रभाषेच्या कामासाठी तयार यंत्रणा मिळाली ती संमेलनामुळे. दोन्ही बाजूंवर एकमेकांचे ऋण होते. मतभेद मांडताना हे ऋण दोघांच्याही लेखणीवर होते.

४.
मतभेदाचे बीज मात्र आरंभापासूनच होते. गांधीजींच्या मते 'हिंदी' म्हणजे उत्तरेत हिंदू आणि मुसलमान दोघेही बोलतात ती भाषा. ती नागरीत लिहिली जावो वा फारसी लिपीत. संमेलनाच्या दृष्टीने हिंदीची लिपी नागरी होती आणि तिचे साहित्यिक वळण संस्कृतकडे झुकणारे होते. बरीच वर्षे एकाच शब्दाखाली हे दोन अर्थ सुखाने नांदले. पुढे गांधीजी 'हिंदुस्तानी' हा शब्द अधिक आग्रहाने वापरू लागले आणि १९४२ मध्ये वर्ध्याला हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली. तिचा आग्रह असा, की राष्ट्रभाषा शिकणाऱ्याने हिंदी आणि उर्दू या दोन्ही शैली आणि दोन्ही लिपी शिकाव्यात.

५.
हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नव्हता, हे १९३६ मध्ये नागपुरात दिसून आले होते. तेथे भरलेल्या भारतीय साहित्य परिषदेत गांधीजींनी 'हिंदी-हिंदुस्तानी' हा जोडशब्द पुढे केला. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे मौलवी अब्दुल हक तेथे उपस्थित होते. बरीच वर्षे या अंजुमनचे काम औरंगाबादेतून चालत असे, म्हणजे हे मराठी मुलुखाच्या शेजारचे नव्हे तर त्यातलेच गृहस्थ. त्यांना तो जोडशब्द मान्य झाला नाही. 'हिंदुस्तानी'च्या आधी 'हिंदी' लावणे म्हणजे उर्दूला बाजूला सारणे, असे त्यांना वाटले आणि ते नाराज होऊन परतले. एका जोडचिन्हातून किती अविश्वास जन्माला येऊ शकतो, याचा तो अनुभव होता.

६.
१९४५ पर्यंत स्थिती अशी झाली की एकाच वर्ध्यात राष्ट्रभाषेच्या दोन संस्था होत्या. एक केवळ नागरीतील हिंदी शिकवणारी, दुसरी दोन्ही लिपींचा आग्रह धरणारी. पहिलीच्या मागे संमेलन उभे होते, दुसरीच्या मागे गांधीजी आणि मूळचे साताऱ्याचे काका कालेलकर. गांधीजी मात्र संमेलनाचेही सदस्य होतेच. प्रचारक गोंधळले. कोणाचे वर्ग चालवायचे, कोणाच्या परीक्षांना विद्यार्थी बसवायचे? लोक गांधीजींना विचारू लागले, की आपण दोन्हीकडे कसे राहू शकता? या प्रश्नातून पहिले पत्र निघाले.

७.
पत्रांकडे वळण्यापूर्वी औपचारिक हिंदीची थोडी ओळख आवश्यक आहे. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. मराठीतील 'तुम्ही' हिंदीच्या 'आप'चे बरेच काम करतो, त्यामुळे मराठी माणूस हिंदीत 'तुम' म्हणून अनेकदा अडचणीत येतो. आज्ञार्थालाही पायऱ्या आहेत : 'करो', त्यावर 'कीजिए', त्यावर 'करें', आणि सर्वांत वर 'किया जाए'. शेवटच्या रूपात समोरचा माणूस वाक्यातून नाहीसाच होतो. नकारही असाच मागे सरतो. 'मैं असहमत हूँ' व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ज्येष्ठांना लिहिताना 'मैं सहमत नहीं हो पा रहा हूँ' असे म्हटले जाते. सहमत होण्याची इच्छा आहे, पण ते जमत नाही, असा त्याचा भाव. मराठीतील 'मला पटत नाही' याच कुळातले.

८.
पहिले पत्र गांधीजींनी महाबळेश्वराहून २८ मे १९४५ रोजी लिहिले. तो सोमवार होता, म्हणजे त्यांच्या मौनाचा दिवस. त्यामुळे मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला. पण आपले अक्षर वाचताना सर्वांना त्रास होतो, म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेऊन तो पाठवत असल्याचेही त्यांनी कळवले. संबोधन होते 'भाई टंडनजी'. पत्राचा आशय असा : उर्दू, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत पत्रे येत आहेत. संमेलनाच्या दृष्टीने हिंदीच राष्ट्रभाषा आणि तिची लिपी नागरीच. आपल्या दृष्टीने एकटी नागरी किंवा एकटी फारसी लिपी पुरेशी नाही. अशा स्थितीत संमेलनातून दूर होणे हे आपले कर्तव्य ठरत नाही काय?

९.
या पत्रात मतभेद मांडण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. गांधीजींनी आरोप केला नाही. संमेलन संकुचित आहे, असे म्हटले नाही. संमेलनाची भूमिका त्यांनी संमेलनाला मान्य होईल अशाच शब्दांत सांगितली, मग आपली सांगितली आणि दोहोंतील अंतर वाचकाच्या नजरेस येऊ दिले. निष्कर्ष त्यांनी नकारार्थी प्रश्नाच्या रूपात ठेवला, आणि तो प्रश्न स्वतःच्या कर्तव्याविषयी विचारला. संमेलनाच्या कर्तव्याविषयी नव्हे. कारणही दिले : तसे केल्याने लोकांच्या मनातली द्विधा संपेल आणि आपण कुठे उभे आहोत, हे आपल्यालाही कळेल. शेवटी लवकर उत्तर देण्याची विनंती.

१०.
टंडन यांचे उत्तर ८ जूनचे, अलाहाबादहून. संबोधन 'पूज्य बापूजी', पाठोपाठ प्रणाम. पहिलेच विधान असे, की संमेलन आणि हिंदुस्तानी प्रचार सभा यांच्या कार्यात आपल्या मते मूलभूत विरोध नाही. मग एक मोजका, पण नेमका मुद्दा : आपण स्वतः सुमारे २७ वर्षे संमेलनाचे सदस्य आहात आणि या काळात आपण हिंदीचे जे काम केले ते संमेलनाच्या धोरणाला धरूनच केले. संमेलन उर्दूच्या विरोधात नाही. उर्दू ही हिंदीचीच एक शैली आहे, असे ते मानते. प्रत्येकाने दोन्ही शैली आणि दोन्ही लिपी शिकाव्यात, ही आपली भूमिका नवी आहे. ती संमेलनाने स्वीकारलेली नाही, पण म्हणून आपण संमेलन सोडण्याचे कारण नाही.

११.
वरवर हे पत्र विनंतीचे आहे. आतून ते ठाम प्रतिवाद करते. 'बदल आम्ही केलेला नाही, आपण केला आहे' हे टंडन यांना सांगायचे होते. त्यांनी ते आरोपाच्या रूपात सांगितले नाही. गांधीजींच्या २७ वर्षांच्या सेवेच्या गौरवातच ते बसवले. पत्राच्या अखेरीस त्यांनी लिहिले, की आपल्या आत्म्याने संमेलनापासून दूर होण्याचाच कौल दिला, तर खेद होईल, तरी नतमस्तक होऊन तो निर्णय मान्य करू. येथे 'नतमस्तक' हा शब्द फार विचारपूर्वक आलेला आहे. मस्तक झुकते ते निर्णयापुढे. युक्तिवादापुढे ते झुकत नाही. आदर पूर्ण दिला आणि मुद्दा एकही सोडला नाही.

१२.
गांधीजींचे दुसरे पत्र पाचगणीहून, १३ जूनचे. त्यांनी टंडन यांचेच म्हणणे उचलले आणि त्याचा परिणाम काय व्हायला हवा होता, ते दाखवले. दोन्ही कार्यांत विरोध नसेल, तर हिंदीप्रेमींनी या नव्या दृष्टीचे स्वागत करायला हवे, मदत करायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही. गुजरातेत लोक संभ्रमात आहेत. मुंबईत दोन्ही कामे करू पाहणाऱ्या पेरीनबेन कॅप्टन यांच्यासारख्यांवर एक काम सोडण्याची वेळ आली आहे. एकच व्यक्ती दोन्ही संस्थांची मंत्री असू शकते, असे आपल्याला वाटते. टंडन यांच्या पत्राचा अर्थही तोच असेल, तर मतभेदाचे कारणच उरत नाही आणि आपल्याला आनंदच होईल. असहमतीचा हा एक सुसंस्कृत प्रकार आहे : समोरच्याचे विधान खोटे न ठरवता, ते खरे मानून अनुभवाशी ताडून पाहणे.

१३.
या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, व्हाइसरॉय वेव्हेल यांची योजना जाहीर झाली आणि २५ जूनपासून सिमल्याची परिषद सुरू झाली. कार्यकारी मंडळावरचे सर्व मुसलमान सदस्य मुस्लिम लीगनेच सुचवावेत, या जिनांच्या आग्रहावर ती १४ जुलैला मोडली. देशाच्या वरच्या पातळीवर हिंदू-मुसलमान समझोता फिसकटत असताना हा पत्रव्यवहार चालला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गांधीजींना दोन लिपींचा आग्रह एवढा महत्त्वाचा का वाटत होता, त्याचे उत्तर येथे आहे. एकमेकांची लिपी वाचता येणारी माणसे एकमेकांपासून सहज तोडता येणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती.

१४.
टंडन यांनी ११ जुलैला सविस्तर उत्तर दिले. भूमिका तीच राहिली. संमेलनाला गांधीजी हवे होते. त्यांचा दोन लिपींचा कार्यक्रम मात्र नको होता. त्यांच्या बाजूने पाहिले तर अडचण खरी होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाला एक लिपी शिकवणेच जेथे दुष्कर, तेथे दोन लिपी सक्तीच्या करणे व्यवहार्य आहे काय? मराठी किंवा बंगाली मुलाला आपल्या मातृभाषेवर आणखी दोन शैलींचा भार का? केवळ दुराग्रहाने विचारलेले हे प्रश्न नव्हते. म्हणूनच हा वाद सज्जन आणि दुर्जन यांच्यातला ठरत नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

१५.
२५ जुलै १९४५. सेवाग्रामहून गांधीजींचे निर्णायक पत्र गेले. ११ जुलैचे पत्र आपण दोनदा वाचले, असे त्यांनी आधी नोंदवले. मग ते किशोरलाल मश्रूवाला यांना वाचायला दिले, ते स्वतंत्र विचाराचे आहेत, त्यांनी लिहिलेलेही सोबत पाठवत आहे, असे कळवले. त्यानंतर आशय असा : शक्य होते तोवर आपण टंडन यांच्या प्रेमाच्या अधीन राहिलो, आता तेच प्रेम आपला वियोग घडवील, अशी वेळ आली आहे. आपली बात आपल्याला समजावून देता आली नाही. राष्ट्रभाषेच्या आपल्या व्याख्येत दोन्ही लिपींचे आणि दोन्ही शैलींचे ज्ञान येते. ही गोष्ट संमेलनाला टोचेल, अशी भीती वाटते. म्हणून राजीनामा स्वीकारला जावा.

१६.
या पत्रातील तीन गोष्टी औपचारिक हिंदीच्या अभ्यासकाने टिपून ठेवाव्यात. पहिली, विरोधकाचे पत्र दोनदा वाचल्याचा उल्लेख. उत्तर घाईने दिलेले नाही, याची ही ग्वाही. दुसरी, अपयशाची जबाबदारी. 'तुम्हाला समजले नाही' असे न म्हणता 'मला समजावता आले नाही' असे म्हणणे. तिसरी, क्रियापदाचे रूप. राजीनाम्याच्या वाक्यात 'आप'ही नाही आणि 'कीजिए'ही नाही. तेथे 'कबूल किया जाय' असा कर्मणी प्रयोग आहे. कोणालाच आज्ञा दिलेली नाही. एवढे सगळे मार्दव असूनही मधले वाक्य, म्हणजे राष्ट्रभाषेच्या व्याख्येचे वाक्य, अगदी सरळ आहे. त्यात 'बहुधा' नाही, 'कदाचित' नाही. नम्रता वाक्याभोवती आहे. मुद्द्यात ती शिरलेली नाही.

१७.
दोघांचे शब्दभांडारही त्यांची बाजू सांगते. टंडन यांच्या पत्रांत 'मौलिक विरोध', 'खेद', 'नतमस्तक', 'निर्णय' अशी संस्कृत वळणाची भाषा आहे. गांधीजींच्या पत्रांत 'व्याख्या' आणि 'समन्वय' यांच्या शेजारी 'नतीजा', 'मदद', 'मुसीबत', 'इस्तीफा', 'कबूल' हे शब्द निःसंकोच बसलेले आहेत. गांधीजींची हिंदी गुजराती वळणाची होती आणि व्याकरणाच्या कसोटीवर टंडन यांच्या इतकी निर्दोष नव्हती. पण ज्या मिश्र भाषेचा ते पुरस्कार करत होते, तीच भाषा ते लिहीत होते. वादाचा विषय आणि वादाची भाषा येथे एकच झाली होती.

१८.
उत्तर भारतात विनयाची भाषा दीर्घकाळ फारसी दरबारी परंपरेतून घडली होती : 'अर्ज़ है', 'गुस्ताख़ी माफ़'. नव्या औपचारिक हिंदीने त्यांच्या जागी 'निवेदन है', 'क्षमा करें' हे प्रयोग रूढ केले. मराठीने याबाबत सरमिसळ ठेवली. आपण आजही 'विनंती अर्ज' करतो. त्यातला एक शब्द संस्कृत कुळातला आणि दुसरा अरबीतून फारसीमार्गे आलेला. 'राजीनामा' या शब्दाची कथा तर अधिक बोलकी. हिंदी-उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे दोन पक्षांनी राजी होऊन केलेला समझोता. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ पद सोडण्याचे पत्र. गांधीजींनी १९४५ मध्ये मराठीच्या अर्थाने राजीनामा दिला, कारण हिंदीच्या अर्थाचा राज़ीनामा होऊ शकला नाही.

१९.
टंडन यांचे अखेरचे उत्तर २ ऑगस्टचे. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे ते पत्र संमेलनाच्या स्थायी समितीपुढे ठेवण्याचे त्यांनी कळवले. संबोधन शेवटपर्यंत 'पूज्य बापूजी'च राहिले. वाद जाहीर झाल्यावरही दोघांनी एकमेकांच्या हेतूंवर शंका घेतली नाही. राजकारणात सोबत काम करणे थांबले नाही. संबंध एका संस्थेपुरता तुटला, माणसांमधला तुटला नाही. मतभेदाची सीमा नेमकी आखणे, आणि ती ओलांडू न देणे, हे या पत्रव्यवहाराचे मोठे यश म्हणावे लागेल.

२०.
तरीही या पत्रांना आदर्श मानून हात जोडणे पुरेसे नाही. त्यांतील एक उणीव मोठी आहे. उर्दूचे भवितव्य ठरवणारी चर्चा दोन हिंदू नेत्यांमध्ये, हिंदीत चालली होती. उर्दूचा प्रतिनिधी त्या पत्रव्यवहारात कोठेच नाही. 'उर्दू ही हिंदीची एक शैली' हे वाक्य कितीही सौम्य असले, तरी औरंगाबादेत वा लखनौमध्ये उर्दूत लिहिणाऱ्या माणसाला ते आपले स्वतंत्र अस्तित्व नाकारणारे वाटले असते, आणि नागपूरचा १९३६ चा प्रसंग तेच सांगतो. शब्द मऊ असल्याने त्यामागचा निर्णय मऊ होत नाही. सभ्यतेचा लाभ मिळतो तो चर्चेत बसलेल्यांना. बाहेर उभा असलेल्याला तो मिळत नाही.

२१.
ही सभ्यता नसेल तर काय होते, हे पुढच्याच वर्षी दिसले. १० डिसेंबर १९४६, संविधान सभेचा दुसरा दिवस. झाशीचे सदस्य रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्तानीत बोलू लागले. अनेक सदस्यांना ही भाषा समजत नाही, याची अध्यक्षांनी त्यांना जाणीव करून दिली. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना भारतात राहण्याचा अधिकार नाही आणि संविधान घडवणाऱ्या या सभेचे सदस्य होण्याची त्यांची पात्रता नाही. सभागृहात खळबळ उडाली. भाषा तीच होती, ध्येयही राष्ट्रभाषेचेच होते. पण ऐकणाऱ्या दाक्षिणात्य सदस्यांच्या मनात भीती बसली. नोव्हेंबर १९४८ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी याच सभेत 'हिंदी साम्राज्यवादा'विषयी इशारा दिला.

२२.
मधल्या काळात इतिहासाने गांधीजींच्या बाजूचा आधारच काढून घेतला. फाळणीचा निर्णय जाहीर झाल्यावर, जुलै १९४७ मध्ये संविधान सभेतील काँग्रेस पक्षाच्या बैठकीत 'हिंदी की हिंदुस्तानी' यावर मतदान झाले. ६३ मते हिंदीला, ३२ हिंदुस्तानीला. ज्या समन्वयासाठी दोन लिपींचा आग्रह होता, तो समन्वयच राजकीय पातळीवर संपला आहे, असे बहुसंख्यांना वाटू लागले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. १९४५ च्या पत्रांत जो प्रश्न युक्तिवादाने सुटला नव्हता, तो अखेर घटनांच्या रेट्याने निकालात निघाला.

२३.
सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत भाषेच्या कलमांवर चर्चा झाली. तीनशेच्या आसपास दुरुस्त्या आल्या होत्या. आरंभीच अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सदस्यांना आवाहन केले, की कोणाचे मन दुखावेल असा एकही शब्द उच्चारू नये. १४ सप्टेंबरला मुन्शी-अय्यंगार सूत्र स्वीकारले गेले. संघराज्याची राजभाषा हिंदी, लिपी देवनागरी. १५ वर्षे इंग्रजीचाही वापर. टंडन यांचा मुख्य आग्रह मान्य झाला, पण पूर्ण नव्हे. त्यांनी नागरी अंकांसाठी शर्थ केली होती. कलम ३४३ मध्ये भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप आले. 'राष्ट्रभाषा' हा शब्दही संविधानाने हिंदीसाठी वापरला नाही; 'राजभाषा' वापरला.

२४.
आणि कलम ३५१. हिंदीचा विकास कसा करावा, हे ते सांगते. हिंदुस्तानीतील आणि आठव्या अनुसूचीतील इतर भाषांतील रूपे, शैली आणि अभिव्यक्ती हिंदीने तिच्या प्रकृतीला धक्का न लागता आत्मसात कराव्यात, आणि शब्दसंग्रहासाठी प्रामुख्याने संस्कृतचा व नंतर इतर भाषांचा आधार घ्यावा, असा त्याचा आशय आहे. ज्यांनी १९४५ ची पत्रे वाचली आहेत त्यांना या एका कलमात दोघेही दिसतील. 'हिंदुस्तानी' हा शब्द गांधीजींच्या बाजूने आला, 'प्रामुख्याने संस्कृत' ही टंडन यांच्या बाजूची अट. पत्रव्यवहारात जे दोन पक्ष एकत्र नांदू शकले नाहीत, त्यांना संविधानाने एका वाक्यात बसवले. व्यवहारात सरकारी हिंदी पुढे कोणत्या बाजूला झुकली, हे कार्यालयांच्या पाट्या आणि फॉर्म वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही.

२५.
मग या सभ्य असहमतीने साधले काय? तिने मतैक्य घडवले नाही. हिंदुस्तानी वाचवली नाही. पण नेमका मतभेद कशात आहे, हे तिने निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवले. म्हणूनच आज सात दशकांहून अधिक काळानंतर दोन्ही बाजू त्यांच्या सर्वोत्तम रूपात वाचता येतात. चिडून लिहिलेल्या मजकुरातून राग कळतो, मुद्दा शोधावा लागतो. या पत्रांत मुद्दा शोधावा लागत नाही. विरोधकाचे पत्र दोनदा वाचावे, त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे, आणि मग आपले 'नाही' स्पष्ट लिहावे, एवढाच त्यांचा क्रम आहे. भाषा कोणतीही असो, हा क्रम शिकता येतो. मात्र ज्याच्याविषयी चर्चा चालली आहे, त्यालाही त्या चर्चेत स्थान असले पाहिजे.